केस मजबूत होईपर्यंत

कवळीवाल्यांनी मेणात बसवायचा दात चिमट्यात धरला होता. तेवढ्यात बाहेर अंगणात धपकन आवाज झाला आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आला बघा तुमचा पाहुणा."

कवळीवाले म्हणजे कवळ्या तयार करणारे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत. मग हे आपल्या बाहेरच्या खोलीत बसून प्लास्टरचा साचा ओतत, मेणात दात मांडत, घासून गुळगुळीत करत. काम मोठं नाजूक. केसभर इकडंतिकडं झालं तर पेशंट डॉक्टरांकडे ओरडत जाणार आणि डॉक्टर यांच्याकडे. सगळी वसाहत त्यांना कवळीवाले म्हणायची, आपणही तेच म्हणू.

पाहुणा म्हणजे शेजारचा कुत्रा. नाव पैलवान, अंगानंही तसाच. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि ती पैलवानाला उंबरठ्यासारखी वाटायची. कवळीवाले धावत दारात आले तेव्हा उन्हात वाळत ठेवलेल्या साच्यांची फळी उपडी पडली होती. कुणा आजोबांचा खालचा जबडा पैलवानाच्या तोंडात होता आणि तो शेपटी हलवत उभा होता, जणू बक्षीस मिळणार होतं.

हाकललं की त्याला वाटे खेळ सुरू झाला, आणि मग तो अंगावर उड्या मारी. कवळीवाल्यांना कुत्र्यांची लहानपणापासून भीती. त्यामुळे ते पायरीवरूनच "हाड हाड" करत राहिले. शेवटी नेहमीप्रमाणे शेजारच्या बाई आल्या, त्यांनी फाटक उघडलं आणि पैलवानाचा पट्टा धरला. हाकेला तो कधी यायचा नाही, बाईंनी पट्टा धरला तरच निघायचा. जाता जाता बाई हसून म्हणाल्या, "तो काही करत नाही हो."

मंडळी, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित स्वतः म्हटलंही असेल. जबडा फुटला, फळी उलटली, डॉक्टरांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तरी तो काही करत नाही! आपला तो बाब्या, आणि ज्याच्या अंगणात तो नाचला तो माणूस भांडखोर.

शेजारच्या बाई गाडी चालवायला शिकवत. वसाहतीतल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं होतं. सिग्नलवर पांढऱ्या पट्ट्याला चाक टेकलं तरी शिकणाऱ्याचा तिथल्या तिथे उद्धार करायच्या. रस्त्यावर इतक्या काटेकोर असलेल्या बाईंना घरातल्या कुत्र्याची शिस्त मात्र सुचत नव्हती. बांधून ठेवला की रडतो, म्हणत. भिंतीवर जाळी लावा म्हटलं, तर भिंत दोघांची आहे, मी एकटीनं का लावू, असं उत्तर आलं.

एवढंच असतं तर कवळीवाल्यांनी साचे गच्चीवर वाळवले असते आणि विषय सोडला असता. पण घरात आबा होते.

आबा म्हणजे कवळीवाल्यांचे वडील, शाळेतले ड्रिलचे मास्तर. उभं आयुष्य मैदानावर गेलं, आणि निवृत्तीनंतर न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट मुलीनं बजावलं होतं, की रोज सकाळ-संध्याकाळ चालवा. आत्ता वॉकर घेऊन, मग काठी घेऊन, आणि नेमानं चालले तर काठीसुद्धा सुटेल. पण हे सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे आहेत, पुढे स्नायू ऐकणार नाहीत. घरात खोल्या अरुंद, मागच्या दाराला उतरत्या पायऱ्या. सपाट, लांब, मोकळी अशी एकच जागा होती, ती म्हणजे पुढचं अंगण.

पहिले काही दिवस सगळं बरं चाललं. आबा अंगणात फाटकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे, आणि स्वतःलाच "एक-दोन, एक-दोन" म्हणायचे. एकदा त्यांनी वॉकर बाजूला ठेवून दोन पावलं टाकली. मास्तर मनातल्या मनात आपण फाटकाबाहेर, नाक्यापर्यंत चालत गेल्याचं बघत होते. मग एका सकाळी पैलवानानं भिंतीवरून उडी मारली आणि प्रेमानं थेट आबांच्या अंगावर झेप घेतली. वॉकर डगमगला. सुनेनं मागून सावरलं म्हणून आबा उभे राहिले. आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "घाबरू नका आबा, तो काही करत नाही."

त्या दिवशी कवळीवाल्यांचा संयम सुटला. त्यांचा राग खोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. म्हाताऱ्या माणसाचं जोडलेलं हाड पुन्हा मोडलं असतं, तर बाई काय करणार होत्या?

कवळीवाले मेहुण्याकडे गेले. बायकोचा हा भाऊ वकील. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊजी, अंगण तुमचं, ताबा तुमचा. एकदा स्पष्ट कळवलं की आत येऊ नका, आणि तरी कुणी आलं, तर ती घुसखोरी. कुत्र्याला कायदा कळत नाही, म्हणून तो मालकाला कळायला हवा. नोटीस द्या. नोटिशीनंतर एकदा जरी उल्लंघन झालं, तरी केस मजबूत."

नोटीस गेली. तिच्यात लिहिलं होतं की शेजारच्या बाई, त्यांच्या घरातल्या व्यक्ती, नोकरचाकर आणि पाळीव प्राणी यांपैकी कुणीही या अंगणात कोणत्याही कारणानं पाऊल टाकू नये. "कोणत्याही कारणानं" हे शब्द कवळीवाल्यांनी मुद्दाम घालायला लावले होते. त्या शब्दांवर ते फार खूश होते. घरी येऊन त्यांनी आबांनाही वाचून दाखवलं. आबांनी ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "मग आता जाऊ का अंगणात?"

"दोन दिवस थांबा आबा. एकदा हे प्रकरण मार्गी लागू दे."

बाईंनी नोटीस वाचली आणि त्यांचं डोकं फिरलं. इतकी वर्षं शेजारी राहिलो, याच्या बायकोला गाडी मी शिकवली, आणि हा मला कागद पाठवतो? त्यांनी उलट नोटीस धाडली, की तुमच्यापैकीही कुणी माझ्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. पण नियमाच्या बाई त्या. पैलवानाला त्यांनी खरोखरच साखळी लावली. दोन दिवस गेले, चार गेले, पैलवान भिंतीपलीकडे रडत राहिला पण अलीकडे आला नाही. अंगण मोकळं होतं.

आता कुणालाही वाटेल, की कवळीवाल्यांनी त्याच संध्याकाळी आबांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं असेल. नाही आणलं. माणसाचं मन कसं वाकड्या वाटेनं जातं बघा. मेहुणा म्हणाला होता की एक उल्लंघन हवं, म्हणून कवळीवाले आता उल्लंघनाची वाट बघायला लागले. खिडकीशी मोबाईल तयार ठेवला. साच्यांची फळी मुद्दाम भिंतीजवळ सरकवली. कवळी घासता घासता कान भिंतीकडे. पैलवान आला नाही, तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रिकाम्या अंगणाकडे बघायचे. अधूनमधून विचारायचे. कवळीवाल्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जरा केस मजबूत होऊ दे आबा. तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं." बायकोनं एकदा धीर करून म्हटलं, की अहो, मी धरते त्यांना, दहा पावलं तरी चालवू. तर तिच्यावरच खेकसले. तुला कायद्यातलं काय कळतं, ऐन वेळी कुत्रा आला आणि आबा पडले तर? झालं. ती गप्प बसली आणि आबाही विचारेनासे झाले.

हॉस्पिटलात दाखवायला जायचा दिवस उजाडला. हाडांचे मोठे डॉक्टर तिथे महिन्यातून एकदाच बसत. भाड्याची गाडी दारात उभी होती, आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, वॉकर हातात होता. बायकोनं दार उघडलं. समोर पायरीखाली, थंडगार फरशीवर, पैलवान आडवा पसरलेला. मानेला तुटक्या साखळीच्या दोन कड्या.

कवळीवाल्यांचा चेहरा उजळला, अगदी खरं सांगतो. त्यांनी आधी फोटो काढले. एक भिंतीसकट, एक फाटकासकट. मग आबांना परत खुर्चीत बसवलं आणि दारातून मोठ्यानं शेजारी हाक मारली, की तुमचा कुत्रा घेऊन जा.

बाई घाईघाईनं आल्या. उघड्या फाटकापर्यंत आल्या आणि थांबल्या. चपलेचं टोक फाटकाच्या रेषेला लागू दिलं नाही.

"मला आत यायला बंदी आहे," त्या म्हणाल्या. "कोणत्याही कारणानं."

त्यांनी बाहेरूनच पैलवानाला हाका मारल्या, चुचकारलं, बिस्किट दाखवलं. पैलवानानं एक डोळा उघडला, शेपटी आपटली आणि डोळा पुन्हा मिटला. कवळीवाल्यांनी दारातून फडकं हलवलं, तसा तो आनंदानं उठून उड्या मारायला लागला, म्हणून यांनी दार लावून घेतलं. खिडकीशी उभं राहून मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. आत आल्या तर नोटिशीचा भंग. तुम्ही या म्हणालात तर येतील, पण मग तुमची नोटीस ढिली पडेल. काय ते ठरवा."

म्हणजे कुत्र्याला अंगणात बंदी, आणि त्याला बाहेर काढू शकणाऱ्या एकुलत्या एक माणसालाही बंदी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आपल्याच घरात, आपल्याच दाराआड, आपलीच नोटीस उशाशी घेऊन तिघं कोंडले गेले होते.

एक शब्द पुरेसा होता. "या." पण कवळीवाल्यांनी तो उच्चारला नाही. बाईंनाही "येऊ का?" एवढं विचारता आलं असतं. त्याही हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, मग खाली उतरून दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि दुसरं भाडं आहे म्हणून निघून गेला. डॉक्टरांची वेळ टळली. दुपारी कधीतरी पैलवानाला भूक लागली, तेव्हा तो स्वतःच उठला आणि उडी मारून घरी गेला.

"आता केस मजबूत झाली," कवळीवाले म्हणाले. "आता दावा दाखल होईपर्यंत थांबू." आबा सदऱ्याची बटणं काढत होते.

पुढच्या महिन्यात हॉस्पिटलात जाणं झालं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं आबांना पलंगावर निजवलं, पाय उचलायला सांगितला. पाय थरथरला आणि खाली पडला. तिनं मांडी दाबून बघितली, दुसरीशी ताडून बघितली. मग आबांना तिथेच ठेवून ती कवळीवाल्यांना बाहेर घेऊन आली आणि विचारलं, की चालवत नव्हता का?

कवळीवाल्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली. शेजार, भिंत, नोटीस, फोटो. मोबाईलसुद्धा काढला. तिनं फोटोकडे बघितलंही नाही.

"काका, मी पायाबद्दल विचारतेय," ती म्हणाली. "आता काठीवर येतील असं मला वाटत नाही. वॉकर कायमचा राहील. तोसुद्धा आजपासून चालवलंत तर."

कवळीवाले व्हरांड्यातल्या बाकावर बसले. ज्या कुत्र्यानं पाडू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्या कुत्र्यानं आबांना एकदाही पाडलं नव्हतं. आणि तरी आबा उठत नव्हते! त्यांना खुर्चीत बसवलं होतं ते दुसऱ्या कुणी नाही, त्यांच्याच मुलानं.

घरी आल्यावर त्यांनी आबांना खरं काय ते सांगितलं. लपवायची सोय नव्हती, आबांना त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. आबा खिडकीबाहेर बघतच बोलले. ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं.

"मैदानावर फक्कीची रेष मीच मारायचो. रेष हवीच बाबा. ती नसली की दांडगी पोरं सगळं मैदान खातात आणि गरीब पोरं कडेला उभी राहतात. ती बाई दांडगाईच करत होती. तू नोटीस दिलीस, त्यात काही चुकलं नाही."

"मग चुकलं कुठे?"

"रेष मारायची ती खेळ सुरू व्हावा म्हणून. तू रेष मारलीस आणि तिच्यावर कोण पाय देतो ते बघत बसलास. मैदान रिकामंच." आबांनी पहिल्यांदा मुलाकडे वळून बघितलं. "अरे, कुत्र्याला अडवायला माझ्या शेजारी एक माणूस उभा राहिला असता तरी भागलं असतं. तू वकील उभा केलास. मला दिवसभर ऐकवायचास, की तुमच्यासाठी भांडतोय. मला भांडण नको होतं. मला नाक्यापर्यंत जायचं होतं."

कवळीवाल्यांना रडू आलं. कुणी बघतंय का याचा विचार न करता ते रडले.

संध्याकाळी ते शेजारी गेले. फाटकापाशी थांबले, कारण तिकडची नोटीसही लागूच होती. बाई बाहेर आल्या त्याच भांडायच्या तयारीनं, कंबर कसून. पण यांचा चेहरा बघून थांबल्या. कवळीवाल्यांनी हॉस्पिटलातलं सांगितलं. दोष द्यायला आले नव्हते, तरी प्रत्येक वाक्य बाईंना लागत गेलं.

"त्या दिवशी मी एक पाऊल टाकलं असतं तर गाडी चुकली नसती," बाई म्हणाल्या. "मला तुम्हाला धडा शिकवायचा होता. शिकला कोण बघा."

"मीही या म्हणालो नाही ताई."

पैलवान मागोमाग येऊन त्यांच्या पायाशी बसला होता. त्याचा पट्टा धरत बाई म्हणाल्या, "तो काही करत नाही, असं मी जगाला सांगत आले. तो कुत्रा आहे, त्यानं काय करायचं? करायचं होतं ते मी. जाळी लावायची, त्याला शिकवायचं, तुमची माफी मागायची. हे एकेक टाळायला मला ते वाक्य बरं पडत होतं." आणि त्यांनी फाटक उघडलं. "आत या भाऊ. इथे उभं राहून किती बोलणार."

त्याच आठवड्यात भिंतीवर उंच जाळी बसली. ती बाईंनी लावली, आणि लावणारा आला तेव्हा कवळीवाल्यांनी शिडी धरली. आबांच्या चालायच्या वेळा बाईंनी विचारून घेतल्या आणि त्या वेळी पैलवान घरात राहायला लागला. मेहुण्याला फोन गेला की केस राहू दे. तो जरा हिरमुसला, पण म्हणाला, की चांगलं केलंत.

असं सगळं गोड झालं, असं लिहून हात झटकता आले असते. पण तसं झालं नाही. आबा आता रोज अंगणात चालतात. दोन्ही हात वॉकरवर, शेजारी मुलगा. फाटकापर्यंत जातात, दम खातात, परत फिरतात. एक-दोन म्हणणं बंद झालंय. नाक्यापर्यंत जायचं बोलणं ते काढत नाहीत, आणि कवळीवाल्यांचीही हिंमत होत नाही.

म्हणून वाचकहो, दोन शब्द सांगावेसे वाटतात. तुमच्या घरात कुत्रा असेल तर तो तुमचा जीव की प्राण असू दे, पण तुमच्या भिंतीबाहेर तो तुमची जबाबदारी आहे. समोरचा माणूस घाबरतो ही त्याची चूक नाही. आणि तुमच्या अंगणात कुणी हक्कानं शिरत असेल, तर मूग गिळून बसू नका. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण वेळ आली तर चढावी, कायदा त्यासाठीच आहे. फक्त ती पायरी चढताना आपण कुणासाठी निघालो होतो, हे वरचेवर मागं वळून बघा. कारण हक्क मिळतो, निकालही लागतो, आणि ज्याच्यासाठी भांडलो तो माणूस मात्र खिडकीशी बसून विचारायचं सोडून देतो.